आठवा रकाना

मंगळवारी वरून पत्र आलं:
जिल्ह्यातल्या दहा वर्षांच्या शिक्षांचा तक्ता पाठवा,
नमुना सोबत जोडला आहे.
नमुन्यात सात रकाने.
नाझर म्हणाले, बाई, तुमचं अक्षर चांगलं आहे.
भरायचं होतं कॉम्प्युटरवर.

विजयनगरच्या इमारतीत रेकॉर्ड रूमला खिडकी आहे,
तिच्यापुढे रॅक लावलाय.
दस्तगीर गठ्ठे आणतो, लाल फडकी सोडतो,
प्रत्येक गठ्ठ्याला हळदीचा वास येतो म्हणतो.
मला नाही येत. मी सांगलीचीच.

कलम तीनशे एकोणऐंशी. चोरी.
(आता तिला दुसरा नंबर मिळालाय, चोरी तीच.)
बेदाण्याचे दोन बॉक्स, तासगाव, कोल्ड स्टोरेजचं मागचं दार.
सायकल. सायकल. देवळातली समई,
ती परत मिळाली, तरी शिक्षा.
हळदीचं अर्धं पोतं. अर्धंच का, हे कुणी विचारलेलं नाही.
दंड पाचशे, न भरल्यास आणखी सात दिवस साधी कैद.

एक शिक्षा मला नोकरीला लागल्यापासून आवडते:
न्यायालय उठेपर्यंत.
आरोपी मागच्या बाकावर बसतो, पंख्याकडे बघतो,
साहेब उठतात, सगळे उठतात,
तोही उठतो आणि एस.टी. पकडतो.
एकानं तर जाताना बाकडी सरळ केली होती.

तिसऱ्या आठवड्यात आकडे विचित्र दिसायला लागले.
अठ्ठ्याऐंशी दिवस.
एकशे त्रेचाळीस.
दोनशे एक.
असं कोण मोजून देतं?
माणसं तीन महिने देतात, सहा देतात, वर्ष देतात,
बोटांवर मावेल असं काहीतरी.
दोनशे एकातला तो एक कुठून आला?

तेव्हा निकालपत्राची शेवटची ओळ वाचली,
मीच टाइप केलेली, तेव्हा न वाचलेली:
आरोपीने आजवर भोगलेली कैद हीच शिक्षा.
म्हणजे माप आधी घेतलं होतं,
निकाल त्या मापानं मागाहून शिवला.

कसबे डिग्रजची केबल. एक विहीर, एक रात्र, आरोपी दोघे.
प्रल्हाद खराडे: दुसऱ्या दिवशी मामा आला सातबारा घेऊन.
शेवटी गुन्हा कबूल, न्यायालय उठेपर्यंत.
बाळाप्पा ऐवळे, जतकडचा, ऊसतोडीला आलेला:
जामीन त्याच तारखेला मंजूर,
रक्कम तीच, पंधरा हजार.
जामीनदार: निरंक.
त्यानंही कबूल केलं, कबूल केलं की घरी जाता येतं.
दोनशे एक.

साहेब बदलले असतील म्हणून तेही पाहिलं.
पाच बदलले. एक कडक म्हणून नाव काढलेले,
एक इतके मऊ की पोलीस कुरकुरायचे.
आकड्यांत मला त्यांचे चेहरे वेगळे करता आले नाहीत.

मी आठवा रकाना काढला. जामीनदार.
आहे, नाही. एवढंच.
शिक्षेच्या शेजारी ठेवला
आणि शिक्षेचा रकाना वाचायची गरजच उरली नाही.

नाझर म्हणाले, नमुन्यात नाही.
म्हणाले, विचारलंय तेवढंच द्यावं.
वाईट माणूस नाही. कवलापूरला सव्वा एकर आहे,
दोन भाच्यांना जामीन राहिलेत,
सातबारा ड्रॉवरमध्येच असतो त्यांचा, प्लास्टिकच्या पिशवीत.

सात रकाने गेले, जावक क्रमांकासह.
आठवा माझ्याकडे राहिला.
फाईलला काहीतरी नाव द्यायचं होतं,
"नवीन तक्ता २" दिलं.

पाच वाजून गेले. खाली खुर्च्या सरकल्या,
न्यायालय उठलं.
मी बसून होते.
दस्तगीर फडक्याची गाठ मारत म्हणाला,
बाई, दिवा ठेवू का घालवू?