मिन आणि मॅक्सच्या मध्ये

दर रविवारी अर्धा पेला गुलाबी पाणी कमी.
खाली डाग नाही.
रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवला,
सकाळी कोरडा. बर्नलीच्या आमच्या
चढाच्या गल्लीत तेवढाच कोरडा.

मग जातं कुठे?

शेजारचा ऑर्मरॉड प्रेशर टेस्टर घेऊन आला.
पेटीवर त्याच्या बायकोचं अक्षर : उसनं. परत आणा.
ती जाऊन तीन वर्षं झाली.
इंजिनावर तळहात ठेवून गार असल्याची खात्री केली,
मगच झाकण फिरवलं.
पंप. काटा पंधरावर.
दूध उतू जायची वाट बघावी
तसे आम्ही दोघं उभे.
चौदा.
तेरा.

टॉर्च त्याचा, आरसा माझ्या पर्समधला.
थर्मोस्टॅटच्या हाउसिंगला, खालच्या अंगाला,
केसाएवढी भेग, कडेला वाळका गुलाबी क्षार.
"गार असली की मिटते," तो म्हणाला,
"तापली की उघडते. म्हणून सापडत नाही."
"आईवर गेलीय," मी मराठीत म्हणाले.
त्यानं मान डोलावली.

नवं हाउसिंग बावीस पौंड. तीन बोल्ट सुटले,
चौथ्या गंजक्यानं दुपार खाल्ली.
सांडलेलं घासून धुतलं,
गोड असतं ते, त्याची मांजर चाटायची.
मग हीटर पूर्ण, आणि हवेचे बुडबुडे
एकेक करून वर.

आता पातळी हलत नाही.
तरी रोज सकाळी बॉनेट उघडून वाकते.
समोरच्या खिडकीत पडदा जरा सरकतो,
मी अंगठा दाखवते.

पेटी अजून माझ्याकडेच आहे.