दीड सेकंद

रुवीतल्या आमच्या ऑफिसात छत उंच, फरशी संगमरवरी,
तिन्ही बाजूंनी काच.
साधी टाचणीसुद्धा इथे
जागेवर पडत नाही, खोलीभर पडते.

मी ओव्हरटाइम लावते.
चारशे बारा माणसं, त्यांचे तास,
सोहारच्या साइटचे वेगळे, दुक्मचे वेगळे.
शेजारी बिजेश मल्याळममध्ये कुणाला तरी झापत असतो,
रोवेना तागालोगमध्ये हसते,
हिशामसाहेब फोनला बहिरा समजून अरबी बोलतात.
अकरा वर्षं. माझी बेरीज हलली नाही.
न कळणारं बोलणं एसीसारखं,
बंद पडल्यावर कळतं की चालू होतं.

मार्चमध्ये नदीम परकार आला, खेडकडचा.
माझ्यापासून सहा टेबलं दूर, लिफ्टजवळ.
हळू बोलतो बिचारा, तोंडावर हात धरून.
"मोटार परत जलली काय गो?
मग पानी कुठसून आनताव?"

सत्तावन्न अधिक साडेआठ, हातचा एक,
कुठली मोटार? विहिरीची की बोअरची?
सत्तावन्न अधिक,
आणि पाणी आणतंय कोण? म्हातारी?

त्या महिन्यात गुरमेल नावाच्या फिटरचे
साडेआठ तास माझ्या हातून गळाले.
तो काउंटरशी आला, पावतीची चौपदरी घडी उलगडत,
आवाज न चढवता म्हणाला,
मॅडम, माझी एक रात्र कमी आहे.

मग टाळीवाला आला.
तिपाईवर यंत्र ठेवलं, सगळ्यांना गप्प बसवलं,
आणि एकच टाळी वाजवली.
रोवेनाला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस.
तो आकडा बघून म्हणाला,
दीड सेकंद जगते इथे टाळी.
अर्ध्यात मरायला हवी.

आता भिंतींना करड्या गाद्या,
छतातून लोंबणारे जाड पट्टे.
बेरीज पहिल्या झटक्यात जुळते.
सहा टेबलांपलीकडे नदीमचे नुसते ओठ हलतात.
हात तोंडावर धरायचं तो विसरत चाललाय.

काल चहाच्या मशीनपाशी मीच विचारलं,
मोटार झाली का हो दुरुस्त?
कागदी कप हिंदकळला.
"तुमाला कसा कलला?"
भिंतींना कान असतात म्हणतात,
आमच्यांना तेव्हा तोंड होतं. पण हे बोलले नाही.

बोअरची होती मोटार.
पाणी त्याची बहीण आणते, शाळेतून आल्यावर, शेजारून.
त्या घरात म्हातारी कुणी नव्हतीच.
ती मीच धरली होती,
हातचा एक.