लिपिक स्तरावर प्रलंबित

पोर्टलवर लिहून येतं : अर्ज लिपिक स्तरावर प्रलंबित.
तो स्तर म्हणजे मी.
खिडकी क्रमांक चार, पंख्याखाली,
स्टीलची बाटली, शिक्क्याची डबी,
आणि काचेला आतून चिकटवलेला कागद :
'आधार बँकेला जोडल्याशिवाय विचारू नये.'

विचारतातच.
सुरगाण्याहून पहाटेची गाडी धरून,
सीबीएसला उतरून कॉलेज रोडपर्यंत चालत आलेली
हेमलता थविल विचारते, मॅडम, पहिला हप्ता कधी?
मागच्या वर्षीचा, असं ती म्हणत नाही.
मला कळतं.

माझ्याकडून पुढे गेलंय बाळा, आता वर आहे.
वर म्हणताना माझं बोट छताकडे जातं.
तिथे पोपडे आहेत.
रंगकामाचं अनुदानही वरच आहे.

पेठ तालुक्यात तिसरीत होते तेव्हा
शाळेत येण्याचा मला एक रुपया मिळायचा.
दिवसाला एक. हजेरी असेल तर.
एका महिन्यात बावीसचे तेवीस झाले,
कारण तापात होते तरी आले होते
आणि गुरुजींनी मागच्या भिंतीशी झोपू दिलं होतं.
आई कागदावर अंगठा उठवायची,
तोच अंगठा लुगड्याला पुसून पैसे मोजायची.
त्या रुपयात पेन्सिल यायची.

बहिणीची लेक आता त्याच शाळेत जाते.
तिचाही एक रुपया.
मधल्या काळात योजनांची नावं बदलली, फलक बदलले,
माझे केस बदलले,
रुपयाला कुणी हात लावला नाही.
दुकानदार तर सुट्टा रुपया परतही देत नाही,
गोळी देतो.

नाशिक रोडला नोटांचा छापखाना आहे.
माझे सासरे तिथे होते, एकतीस वर्षं,
रोज गेटवर झडती देऊन घरी यायचे
आणि म्हणायचे, आज इतक्या मोजल्या
की ताटातली शितंही मोजावीशी वाटतायत.
नवी सून होते, एकदा धीर करून विचारलं,
नाना, एवढ्या सगळ्या जातात कुठे?
ते म्हणाले, ट्रकने.

दर मार्चला पेपरात ठळक येतं, तरतूद वाढली.
तरतूद हा शब्द मला आवडतो,
लग्नघरातल्या कोठीसारखा भरलेला.
त्यामागून जीआर येतो,
'उपलब्ध निधीच्या मर्यादेत',
आणि कोठीला बाहेरून कडी.
मग एकतीस तारखेची रात्र, साडेअकरा,
मी आणि शिपाई कदम आणि सर्व्हरचं ते गोल फिरणारं चक्र.
कदम म्हणतो, मॅडम, घाटावर दिवा सोडून येऊ का?

रोहिदास महालेचा दुसरा हप्ता परवा जमा झाला.
रोहिदास कॉलेज सोडून अंबडला लागला, त्याला दीड वर्ष झालं.
फोन केला. मागे मशीनचा आवाज.
कशाचे पैसे मॅडम?
शिकायचे, म्हटलं.
आवाज चालूच. मग,
किती?
सांगितले.
बरं झालं, पाच तारखेला गाडीचा हप्ता आहे.

रजिस्टरात त्याच्या नावापुढे शेऱ्याचा रकाना आहे.
तिथे काय लिहायचं याचं परिपत्रक नाही.
'प्राप्त' लिहिलं. खोटं नाही ते.

हेमलता अजून उभी.
परीक्षेचा फॉर्म, फी, आजची शेवटची तारीख.
हमीपत्राचा कोरा नमुना खिडकीतून सरकवते :
शिष्यवृत्ती जमा होताच मी सदर रक्कम भरीन.
ती 'सदर'वर अडते, वर बघते.
म्हणजे हीच, मी सांगते, हीच रक्कम.
ती सही करते, पूर्ण नाव, वडिलांचंही,
जणू काही मोठं काम.

शिक्का मारताना शाई अंगठ्याला लागते.
रुमाल सापडत नाही, पदराला पुसते,
आणि थोडा वेळ
त्या निळ्या डागाकडे बघत राहते.

मॅडम, परतीची गाडी दोन चाळीसला आहे.
हो, जा तू.
पुढे कोण आहे?