परिचय, शंभर शब्दांत

फॉर्ममध्ये रकाना आहे:
दिग्दर्शकाचा परिचय, शंभर शब्दांत.
शेजारी बारीक अक्षरांत: तृतीयपुरुषी लिहावा.

बरं.
यामिनी बोरस्ते नाशिकला राहतात.
इथे चार शब्द संपले.

भद्रकालीत लतीफभाई कोकणींच्या स्टुडिओत
त्यांनी तीन वर्षं पासपोर्ट फोटो कापले.
"हनुवटी खाली, अजून थोडी, हसू नका",
हे त्यांचं पहिलं दिग्दर्शन.
लतीफभाई म्हणायचे, माणूस श्वास सोडतो ना पोरी,
तेवढ्यापुरता चेहरा त्याचा असतो. तेव्हा दाब.
(हे लिहायचं का? त्यांनी संस्थेचं नाव विचारलंय.)

पुढे लग्नं. एका मोसमात एकेचाळीस.
पिंपळगावला भरल्या पंगतीतून उठवलं होतं,
आधी पाहुणे, मग फोटोवाले.
त्या पैशांतून कॅमेरा, सेकंडहँड,
लेन्सच्या कोपऱ्यात बुरशीचा ठिपका.
माझ्या प्रत्येक आकाशात तो आहे.
कुणीतरी एकदा त्याचं कौतुक केलं, घार समजून.

(तृतीयपुरुष सुटला. असू दे.)

फिल्म सत्तेचाळीस मिनिटांची. लागली नऊ वर्षं.
जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधून
रामकुंडातून नाणी ओढणारा सोमा,
काठावर त्याची आई, ओली नाणी पदराला पुसत,
रुपये वेगळे, दोनचे वेगळे.
मधेच सोमाचा आवाज फुटला,
मिसरूड आली, मग अंबडला कंपनीत लागला.
तिथे फिल्म संपली. ठरवून नाही;
त्याला रविवारीच सुट्टी, मला रविवारीच लग्नं.

एकदा दाखवली, गंगापूर रोडच्या हॉलवर.
एकोणीस माणसं. त्यातली सहा
पुढच्या कार्यक्रमाला जागा धरायला आलेली.

पोट द्राक्षांवर चालतं. घडाशेजारी पट्टी ठेवून
निर्यातवाल्यांना मण्यांचे फोटो,
आणि घाटावर दहाव्याला येणाऱ्यांना
ग्रुप फोटोतून एक माणूस काढून देणं.
बाकीचे पुसायचे.
खांद्यावर कुणाचा तरी हात असतो,
त्याला सगळ्यात वेळ लागतो.
निफाड, सिन्नर, दिंडोरी,
बारा बाय पंधराच्या चौकटींत, हारासकट,
माझं काम रोज पाहिलं जातं. खाली नाव नाही.

गेल्या मंगळवारी सोमा आला. डोकं भादरलेलं.
मोबाईल पुढे केला, परत खिशात घातला.
आईचा एकपण फोटो नाही, म्हणाला,
तुमच्याकडे असेल.

होती. तेविसाव्या मिनिटाला.
पदर झटकत थेट कॅमेऱ्याला म्हणते,
"बंद कर गं ते आता!"
एडिटिंगला सगळे म्हणाले होते, हे काढ.

दोघं बसलो. एकेक फ्रेम पुढे.
'बं'ला ओठ मिटलेले, पण डोळ्यांत राग.
'द'ला दात. 'कर'ला मान वळलेली.
'आता'च्याही नंतर, आवाज संपल्यावर,
तिने श्वास सोडला
तिथे सोमा म्हणाला, थांबा.

वर उजवीकडे ठिपका होता.
पुसू का, विचारलं.
राहू द्या ताई, तिथं घारी असतातच.

रकान्याखाली लाल अक्षरं आलीत:
शब्दमर्यादा ओलांडली आहे.
कुणाला काढू?