ब्याण्णव टक्के

ब्याण्णव टक्क्यांवर पुन्हा थांबलं.
आज तिसऱ्यांदा.
राउटर खिडकीत, लिंगनबेरीच्या मुरंब्याच्या बरणीवर,
तिथेच काय ती त्याला धुगधुगी.
दिवा हिरवा, मग नारिंगी, मग नुसताच विचारात.

कंपनीतल्या पोराचा आवाज फार गोड.
बंद करून पुन्हा चालू केलंत का?
बाबा रे, मी पोटासाठी हेच करते,
दिवसभर लोकांना हेच सांगते, जरा महाग शब्दांत.
आमच्या बाजूने सगळं ठीक दिसतंय, म्हणाला.
हे वाक्यही माझंच. मागच्या मंगळवारी
टार्टूच्या एका दवाखान्याला ऐकवलेलं.

अपग्रेड मला नकोच होतं.
जुनं चालत होतं. कुरकुरत, पण चालत होतं.
पण एका पॅकेजला दुसरं नवं लागतं, दुसऱ्याला तिसरं,
आणि तिसऱ्याचा कर्ता दोन वर्षांपूर्वी
मधमाश्या पाळायला निघून गेलाय;
तसं शेवटच्या नोंदीत लिहून ठेवलंय, तारखेसकट.
मला त्याचा राग येत नाही.
हेवा वाटतो.

संध्याकाळी एंडेल आला. वय एक्क्याऐंशी,
बत्तीस वर्षं हीयुमा बेटावरचे टेलिफोनचे खांब चढलेला.
काखेत ट्रान्झिस्टर, दोन स्टेशनांच्या मधल्या खरखरीत लावलेला.
म्हटलं, गाणी ऐकायला वेळ नाही आज.
गाणी नाहीत, म्हणाला. ऐक.
टक्.
टक्.
टक्.
घड्याळ गिळल्यासारखा रेडिओ.

आवाजामागून निघालो, जुनिपरच्या झुडपांतून,
तो पुढे, मी मागे, घरातल्याच चपलांत.
वाटेत सांगत होता, एकदा एका घुबडामुळे
सबंध गावाला चार दिवस फोन नव्हता,
आणि कोणाच्या लक्षातही आलं नाही.
हेल्युच्या कुरणाशी रेडिओ जवळजवळ ओरडला.

विजेचं कुंपण.
एका खांबावरची चिनीमातीची टोपी तडकलेली,
तार ओल्या गवताला टेकून
दर सेकंदाला एक बारीक निळी ठिणगी.
आत नऊ मेंढ्या, एक एडका.
बाहेर माझी अख्खी नोकरी.

वीस मिनिटं बंद ठेवते, हेल्यु म्हणाली,
वर एक मिनिट नाही. त्याला कळतं.
त्याला म्हणजे एडक्याला.

पळत घरी.
त्र्याण्णव.
चौऱ्याण्णवला मी खुर्चीत बसले.
सत्त्याण्णवला अंगणात खुरं वाजली.
नव्व्याण्णवला खिडकीत एडका,
तोंडात माझा कोबी, मुळासकट, मातीसकट.
आम्ही एकमेकांकडे पाहिलं.
दोघांपैकी कोणीच हललं नाही.

शंभर.

पडदा काळा झाला, उजळला,
सगळी चिन्हं आता गोलगोल, लहान मुलांच्या बिस्किटांसारखी.
स्वागत आहे, म्हणाला.
वायफायचं कार्ड ओळखता येत नाही, म्हणाला.
ड्रायव्हर उतरवून घेण्यासाठी
कृपया इंटरनेटला जोडा.

तार जोडायचं भोक या लॅपटॉपला ठेवलेलंच नाही,
तो बारीक दिसावा म्हणून.

एंडेलने राउटर अलगद उचलून बाजूला ठेवला,
बरणीचं झाकण फिरवलं, चमचे शोधले.
बाहेर हेल्यु एडक्याला सबंध नावानिशी शिव्या घालत
कुरणाकडे नेत होती.
आम्ही मुरंबा खाल्ला, पावाशिवाय.
अंधार पडायला अजून पुष्कळ अवकाश होता,
इथे जूनमध्ये तो नीट पडतच नाही.

मग टेबलावरचा रेडिओ म्हणाला, टक्.