तिकीट

सोहार. रात्रीचे पावणेतीन.
खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्याच्या
सर्व्हर-खोलीत मी स्वेटर घालून बसलेय.
बाहेर सदतीस अंश.

फाटकावरचा टेकबहादूर मला सात वर्षं ओळखतो.
माझ्या मुलीचं नाव त्याला पाठ, दहावीची टक्केवारीसुद्धा.
तरी रोज म्हणतो, "मॅडम, कार्ड."
उलटंपालटं करून बघतो, मग हसतो.
आधी कधीच नाही.

सर्व्हर तसा नाही.
पहिल्यांदा तोही कडक. प्रमाणपत्र दाखव,
कुणी दिलं, कधी संपतं, सही खरी का,
रद्द झालेल्यांच्या यादीत तर नाहीस ना.
सगळं जुळलं की हातावर एक तिकीट ठेवतो,
पुढच्या वेळी हे दाखव, पुरे.
आणि पुढच्या वेळी, भला माणूस,
यादी उघडतच नाही.
जुनं तिकीट घेतो, नवं देतो.
जुनं घेतो, नवं देतो.

ही फट मला आज सापडली.
लॉगमध्ये एकच नाव, रोज, तीनच्या सुमारास:
नजीब मुकादम.

नजीबचं कार्ड मार्चमध्ये माझ्यासमोर कातरीनं कापलं.
व्हिसा रद्द, बोटांचे ठसे, हिशेब,
दोन खोकी, एक ब्लँकेट, मस्कतहून विमान.
त्याचं प्रमाणपत्र मीच रद्द केलं होतं.
यादीत त्याचा क्रमांक आहे, दोनदा बघितला.
यादी बरोबर आहे.
तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

दापोलीत आता सव्वाचार.
फजरच्या बऱ्याच आधी उठायची त्याची सवय.
काय करतो आत येऊन?
एकेक ओळ तपासली, श्वास धरून.
काही बदललं नाही, काही उतरवून नेलं नाही.
फक्त एक पान उघडतो:
टाकी क्रमांक चार, क्षारांचं प्रमाण.
अकरा वर्षं तो हेच बघत होता.
बघतो, निघून जातो.

अहवालात याला रकाना नाही.
धोका, तीव्रता, उपाय, इतकेच आहेत.
तीव्रतेपुढे मी लिहिलं: गंभीर.
खोटं नाही ते.
नजीबच्या जागी दुसरं कुणी असतं तर
सकाळी किनाऱ्यावरच्या नळांना काय आलं असतं, कोण जाणे.

उपाय दोन ओळींचा.
तिकिटं बंद. दर खेपेला यादी.
तीन वाजता सर्व्हर पुन्हा चालू केला.
तीन वाजून सहा मिनिटांनी कुणीतरी दार ढकललं.
प्रमाणपत्र विचारलं गेलं,
इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा.
पुन्हा ढकललं.
मग नाही.

सकाळी फाटकाशी कार्ड मी आधीच काढून ठेवलं होतं.
बसमध्ये बसल्यावर, नियमाविरुद्ध,
नजीबला टाइप केलं:
चार नंबर, एकशे बावीस. ठीक आहे.

उत्तर लगेच आलं.
काल एकशे एकोणीस होतं.
मेम्ब्रेन धुवायला सांग.