संप म्हणायचं नाही

संप म्हणायचं नाही,
ब्रेंडन ऑल्डरॉइडनं पहाटेच बजावलं होतं.
सभा म्हणायचं.
सभा चालू आहे, सभा लांबली आहे,
सभेत अजून चहा आलेला नाही.
कायद्यात एक कलम आहे खास आमच्यासाठी.
मला ते पाठ आहे, लग्नातल्या वचनापेक्षा पक्कं:
या गणवेशातल्या माणसानं काम थांबवू नये,
थांबव असं दुसऱ्याला सुचवूही नये.

तर आम्ही ऐंशीजण
यॉर्कशरच्या त्या उघड्या माळावर, गाड्यांच्या तळाशी,
धुक्यात सभा करत होतो
आणि आत सहाशे बारा माणसं कुलपात होती.

मंगळवारी तिसऱ्या मजल्यावर
लोर्नाच्या तोंडावर उकळतं पाणी आलं.
साखर घातलेलं.
साखरेनं ते कातडीला चिकटून राहतं,
हे प्रशिक्षणात शिकवत नाहीत.
त्या मजल्यावर चौघं हवेत. ती एकटी होती.
अकरा अर्जांत आम्ही हेच लिहिलं होतं.
अकराही अर्जांची पोच
फार सभ्य भाषेत आली.

किल्ल्या फाटकावर जमा केल्या.
बावीस वर्षं तो जुडगा उजव्या कमरेला,
म्हणून त्याच्याशिवायही
मी डावीकडे कलूनच चालत होते,
नसलेलं ओझं सावरत.

दहाच्या सुमारास बस आली.
एक म्हातारी उतरली. हातात पारदर्शक पिशवी,
पिशवीत सुटी नाणी:
भेटीच्या खोलीतल्या यंत्रातून
मुलाला चॉकलेट काढून द्यायला.
डॉनकास्टरच्या पलीकडून, तीन बसा बदलून.
आज भेटी बंद, मी म्हटलं,
आणि थर्मासमधला चहा पुढे केला.
तिनं घेतला. निम्मा प्यायल्यावर म्हणाली,
चौऱ्याऐंशी साली आमचे हे खाणीत होते.
वर्षभर संप. रोज तीनशे माणसांचं सूप ढवळलं या हातांनी.
दिराला पकडून आत टाकलं,
बाहेरून कडी घालणारं कुणीतरी
तुझ्याच कपड्यांत होतं.
तेव्हा नव्हती का तुमची सभा?

मी तेव्हा दहा वर्षांची होते,
हे ओठांवर आलं. तिथेच ठेवलं.

मग तिनं फलकावरचा लोर्नाचा फोटो पाहिला.
कुठल्या मजल्यावर झालं हे?
तिसऱ्या.
तिनं नाण्यांची पिशवी घट्ट धरली.
कुणी केलं, ते तिनं विचारलं नाही.
मीही तिचं आडनाव विचारलं नाही.
जाताना पिशवी माझ्या हातात देऊ लागली, त्याला दे म्हणून.
तशी परवानगी नाही, मी म्हटलं.
सकाळपासून कायदा मोडत उभी होते,
पण तेवढा नियम काही मोडवला नाही.

दोन पंचवीसला हुकूम आला, ब्रेंडनच्या फोनवर.
चष्मा गाडीत राहिलेला,
हात लांब करून त्यानं वाचला:
ताबडतोब कामावर. नाहीतर युनियनचा निधी जप्त,
पदाधिकाऱ्यांना तुरुंगवास.
कुठल्या तुरुंगात? मागून कुणीतरी ओरडलं.
आपलाच असेल तर खालचा मजला दे रे, गुडघे गेलेत माझे.
आम्ही हसलो. बराच वेळ हसलो.
ब्रेंडन हसला नाही.
तो फोन बंद करायला विसरून
तसाच बघत राहिला.

रांगेत आत गेलो. किल्ल्या घेतल्या. मोजणी केली.
सहाशे बारा. बरोबर भरली.
तिसऱ्या मजल्यावर आज आम्ही दोघं.
फरशीवर, लोर्ना पडली त्या जागी,
पुसूनही बूट चिकटत होता.

झरोक्याआडून कुणी विचारलं,
मिस, जिंकलात का?

सभा तहकूब झाली, मी म्हटलं.

आतून थोडा वेळ काहीच नाही.
मग: आई आली होती का कुणाची?